इयाचा दुभाष्या

माझ्या मावशीला सगळं ओडो-इरे गाव ‘इया’ म्हणायचं. इया म्हणजे आई. तिची स्वतःची चार मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली, पण तिनं मंतरलेलं पाणी पिऊन ज्यांची मुलं जगली अशा बायका गावात इतक्या होत्या, की तिला दुसरं काही म्हणायचं कुणाला सुचलंच नसतं. ‘मंतरलेलं’ हा शब्द तिला आवडला नसता. ती म्हणायची, मी मंतरत नाही, मी मागते. माझी आई मी पाच वर्षांचा असताना वारली आणि इयानं मला वाढवलं. माझं नाव ओलातुबोसुन, ती बोसुन म्हणायची. मिशनच्या रजिस्टरात तिचं नाव डोर्कास इबिरोन्के असं होतं. पुढे ते खोडलं.

ते खोडलं त्याची हकीकत अशी. तिचा नवरा मिशनचा उपदेशक. साधा, हसरा माणूस, गावोगाव पायी फिरून स्तोत्रं शिकवायचा. तो गेला, मिशनच्या आवारात आंब्याखाली त्याला पुरलं, आणि चाळीस दिवस झाल्यावर इया ओढ्यावर कपडे धुवायला गेली. तिथं तिला कुणीतरी हाक मारली. पाण्यात उभी राहा, हे सगळे तहानलेले आहेत, यांच्यासाठी माग, असं सांगितलं. कपडे वाहून गेले तिकडे तिचं लक्ष नव्हतं. त्यानंतर तिनं पांढरा झगा शिवला, हातात एक घंटा घेतली, आणि नवऱ्याच्या तोंडून ऐकून पाठ झालेली स्तोत्रं पाण्यावर म्हणायला लागली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. दोन वर्षांत ओढ्याकाठी मातीच्या भिंतींचं, पत्र्याचं प्रार्थनाघर उभं राहिलं. असली घरं तेव्हा आमच्या योरुबा मुलखात गावोगाव निघत होती. त्या लोकांना ‘अलादुरा’ म्हणतात, प्रार्थनावाले.

मिशनचे पाळक होते रेव्हरंड फाजेमिसिन. आता या आडनावाचाच अर्थ ‘इफा, मला तुझी सेवा करू दे’. इफा हा आमचा जुना भविष्य सांगणारा देव, आणि रेव्हरंडांचे आजोबा त्याचे पुजारी. पण नाव बापजाद्यांचं, ते चालतं. घंटा माझ्या मावशीची, ती मात्र जादूटोणा. रेव्हरंडांनी तिला बोलावून घेतलं आणि म्हणाले, “डोर्कास, एक तर ती घंटा थांबव, नाहीतर देवळात येणं थांबव.”

“घंटा काय, आत्ता खाली ठेवते,” इया म्हणाली. “पण हाक मारणारा थांबायला नको का, रेव्हरंड? त्याला तुम्ही सांगता का?”

त्यांनी तिचं नाव खोडलं. वाईट वाटूनच खोडलं असं मी आज म्हणतो; तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं.

प्रार्थनाघरात एक रीत आहे. कुणावर आत्मा उतरला की तो बोलायला लागतो, आणि शेजारी बसलेला लिहिणारा ते लिहून घेतो. लिहिणाऱ्यानं एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. बोलणारा अडखळला तर अडखळणंसुद्धा लिहायचं. मी अध्यापक विद्यालयात शिकत होतो तेव्हा सुटीत घरी आलो की इयाचं लिहिणं माझ्याकडे असायचं. पाच वर्षं मी लिहिलं. एकदा तिनं ‘मला लाल माती दिसते, लाल माती दिसते’ असं अकरा वेळा म्हटलं, आणि मी दोनदाच लिहिलं. कागद वाचून घेताना तिनं विचारलं, “बाकीच्या नऊ कुठं टाकल्यास?”

“इया, अर्थ तोच आहे.”

“अर्थ देव बघेल. तू नऊ वेळा लिही.”

मी लिहिलं. शिकलेल्या माणसाला असली शिस्त अपमानाची वाटते, तशी मलाही वाटली.

मग मला मिशनच्या शाळेत नोकरी लागली आणि माझं प्रार्थनाघरात जाणं सुटलं. इयाकडे जेवायला जायचो, मागच्या दारानं. कुटलेल्या याम-कंदाचा गरम गोळा आणि भोपळ्याच्या बियांची भाजी पुढे ठेवून ती समोर बसायची आणि काही विचारायची नाही. शाळेत बाकीचे मास्तर मला ‘घंटेचा भाचा’ म्हणायचे. मधली सुटी झाली, घंटा वाजली, की कुणीतरी म्हणणारच, “मास्तर, मावशी बोलावतेय.” मी हसायचो. हसलं नाही तर जास्त चिडवतात हे मुलांना शिकवणाऱ्याला सांगायला नको.

एकोणसाठ साली, वाळवंटाकडून धुळीचा कोरडा वारा सुटलेला असताना, मिस थॉर्बर्न आमच्या गावात आल्या. स्कॉटलंडच्या कुठल्याशा विद्यापीठातून आल्या होत्या आणि आफ्रिकेतल्या प्रार्थनावाल्यांवर पुस्तक लिहिणार होत्या. उंच, हाडकुळ्या, चाळिशीच्या. त्यांचं नाव आमच्या लोकांच्या तोंडात बसेना. दोन दिवसांत त्याचं ‘टोबोनू’ झालं, आणि त्यांनीही ते मान्य करून टाकलं. गावात सगळ्यांत चांगलं इंग्रजी माझं, म्हणून दुभाष्या मी. रेव्हरंडांनी मला जायची परवानगी दिली आणि दारापर्यंत सोडायला आले.

“जा मास्तर. सगळं नीट समजावून सांगा बाईंना,” ते म्हणाले. “आणि एक लक्षात असू द्या. जूनमध्ये हेडमास्तरांची जागा रिकामी होतेय. बिशपसाहेब मला विचारणार, हा माणूस आतून कुणाचा? मला छातीवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे.”

शुक्रवारी सकाळी आम्ही प्रार्थनाघरात गेलो. मिस थॉर्बर्ननी कुणी सांगायच्या आत दारात बूट काढले. मी काढले, पण मोजे ठेवले. का ठेवले ते मलाच ठाऊक. गाणी झाली, टाळ्या झाल्या, आणि इयावर आत्मा उतरला. मी हे शेकडो वेळा पाहिलेलं होतं. पण त्या दिवशी मी ते बाईंच्या डोळ्यांनी पाहिलं. डोक्यावरचा फडका सुटलेली, पिकल्या केसांची, पासष्ट वर्षांची बाई वाळूत लोळतेय, झगा गुडघ्यापर्यंत गेलाय, ओठांना वाळू चिकटलीय. शेजारी एक नवीन लिहिणारी मुलगी धडाधड लिहितेय. मला लाज वाटली, आणि ती माझ्या आईच्या जागी असलेल्या बाईची वाटली. हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहितोय.

नंतर तोंड धुऊन, फडका बांधून इया चटईवर आमच्यासमोर बसली. बाईंच्या पायांना मुंग्या डसून लाल चट्टे उठले होते. ते बघून इया म्हणाली, “अगं बाई, हिला कुणी सोललं?”

“ती तुमचं स्वागत करतेय,” मी इंग्रजीत सांगितलं.

एवढं सगळेच दुभाषे करतात. पुढे बाईंनी पाण्याबद्दल विचारलं, उपासाबद्दल विचारलं, आणि मी बऱ्यापैकी सरळ सांगत गेलो. मग त्यांनी वही मांडीवर नीट ठेवली आणि म्हणाल्या, “मला सगळ्यांत महत्त्वाचं हे विचारायचंय. लोक मिशनचं देऊळ सोडून तुमच्याकडे का येतात?”

इयानं जराही विचार केला नाही. ती म्हणाली, “इथं इरँ आहे, म्हणून येतात. तिकडे इरँ बंद झालं.”

इरँ हा आमचा शब्द दोन तोंडांचा आहे. डोळे मिटल्यावर देव जे दाखवतो ते इरँ, म्हणजे दृष्टान्त. आणि सणाला मुखवटेवाले बाजारात नाचतात, पोरंसोरं खांद्यावर बसून बघतात, तेही इरँ, म्हणजे तमाशा. योरुबा बोलणाऱ्याला यात कधी घोटाळा होत नाही. कोण बोलतंय, कुठं बसून बोलतंय, त्यावरून कळतं. प्रार्थनाघरात पांढऱ्या झग्यातली बाई इरँ म्हणाली तर ती कुठलं म्हणतेय, हे ओडो-इरेतलं शेंबडं पोरही सांगेल.

मी सांगितलं, “ती म्हणते, इथं तमाशा असतो म्हणून लोक येतात. मिशनमध्ये तमाशा नसतो.”

आणि सांगताना मी जरासा हसलो. तुम्ही आणि मी शिकलेली माणसं आहोत, आपल्याला कळतं, असं ते हसणं होतं. बाई क्षणभर थांबल्या, माझ्याकडे बघून त्याही हलक्याशा हसल्या, आणि त्यांनी लिहून घेतलं. त्यांचं ते हसणं मला फार गोड लागलं. मोजे घातलेला मी त्या क्षणी चटईच्या त्यांच्या बाजूला गेलो होतो.

इयाला वाटलं, तिचं बोलणं बाईंना पटलं. तिनं बाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “बघ बोसुन, हिला कळलं. उगाच भीत होते मी.”

जूनमध्ये मी हेडमास्तर झालो.

ऑगस्टमध्ये मिस थॉर्बर्नचं पत्र आलं. ते पत्र मला पाठ आहे, पण सगळं देत नाही. त्यांनी लिहिलं होतं की पुस्तक छापायला चाललंय, आणि एक शंका त्यांना झोपू देत नाही. ‘तुमच्या मावशींच्या उत्तरात मी इरँ हा शब्द दोनदा ऐकला. माझ्या शब्दकोशात त्याचे दोन अर्थ आहेत. तुम्ही एक सांगितलात. त्या बाईंचा चेहरा आठवला की मला दुसरा असावा असं वाटतं. तुम्ही त्यांचे भाचे आहात, तुमच्याइतकं कोण जाणणार? महिनाअखेरपर्यंत एक ओळ पाठवलीत तरी पुरे.’

आता बघा. चूक झाली होती ती झाली होती. आमच्याकडे म्हणतात, शब्द म्हणजे अंडं, खाली पडलं की वेचता येत नाही. पण माझ्या बाबतीत ते खरं नव्हतं. माझं अंडं अजून हवेत होतं. सातासमुद्रापलीकडून एक बाई ओंजळ पुढे करून उभी होती.

मी टेबलाशी बसलो. ‘दृष्टान्त’ हा शब्द इंग्रजीत लिहिला. मग मनात आलं, म्हणजे आपण चुकीचं सांगितलं हे कबूल करायचं. मग आलं, शाळेची टपालाची पिशवी रेव्हरंडांच्या हातून जाते; पाकिटावर नाव बघून ते विचारतील, हेडमास्तर, अजून तिकडे पत्रव्यवहार आहे वाटतं? जागा मिळालेली होती, आणि मिळालेली जागा जाईल ही भीती जागा न मिळण्याच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. मी कागद फाडला. उद्या लिहू म्हटलं. महिनाअखेर आली आणि गेली. ते पत्र मी माझ्या स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवून दिलं.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. बाईंनी एक प्रत मिशनला पाठवली, एक मला. पुस्तक वाईट नव्हतं. इयाबद्दल दहा पानं होती, आणि त्यात प्रेम होतं. ओढा होता, घंटा होती, वाहून गेलेले कपडे होते. पण शेवटी लिहिलं होतं की या चळवळीच्या यशाचं कारण स्वतः संस्थापिकेनंच मोकळेपणानं सांगितलं: लोक तमाशासाठी येतात. मी ती प्रत कपाटात टाकली. इयाला वाचता येत नव्हतं, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा बरी वाटली.

एकसष्ट साली पावसाळा संपता संपता इयाचे पाय सुजले. पंधरा दिवसांत ती उठेनाशी झाली. तिनं मला बोलावलं.

“बोसुन, मला एक हवंय,” ती म्हणाली. “तुझ्या काकांजवळ जागा. आंब्याखाली.”

मिशनचं आवार सभासदांसाठी होतं. नाव खोडलेल्यांना तिथं जागा नव्हती. हे तिला माहीत होतं.

“इया, तुझी माणसं तर प्रार्थनाघरापुढे तुझी जागा बघून बसलीत. तिथं तुझ्यावर रोज गाणी म्हणतील.”

“त्यांची मी पंचवीस वर्षं आई होते. आता मला थोडे दिवस त्याची बायको होऊ दे,” ती म्हणाली आणि हसली. “आणि माझी चौघं पोरं पण तिथंच आहेत रे. काकांनी स्वतः खड्डे खणले होते. तू विचार रेव्हरंडांना. आम्ही येशूचं नाव सोडून दुसऱ्या कुणाचं घेतो का, एवढंच सांगा म्हणावं.”

मी विचारलं. रेव्हरंडांनी पंचांची सभा बोलावली. देवळामागच्या लहान खोलीत, दुपारी बारा वाजता, सहाजण. सभेचा वृत्तान्त लिहायचं काम माझं, कारण हेडमास्तर हाच सभेचा चिटणीस. मी लिहिणारा होतो, पुन्हा एकदा.

वातावरण वाईट नव्हतं. एका पंचाची नात इयाच्या पाण्यावर वाढलेली होती. दुसरा म्हणाला, बाई ख्रिस्तीच आहे, जरा वेगळ्या रस्त्यानं गेली एवढंच. तेव्हा म्हाताऱ्या कोषाध्यक्षांनी, सुतारकाम करणाऱ्या ओगुनलानांनी, मिस थॉर्बर्नचं पुस्तक काढलं. त्यांच्या मुलानं पानावर खूण करून दिली होती.

“गोऱ्या ओयिंबो बाईंनी लिहिलंय. आमच्या बाजूच्या नव्हेत, तिच्याच बाजूच्या,” ते म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी अडखळत वाचून दाखवलं. मग पुस्तक मिटून म्हणाले, “तमाशा. हे तिचे स्वतःचे शब्द. तमासगिराला आम्ही उपदेशकाच्या शेजारी पुरायचं?”

रेव्हरंडांनी पुस्तक हातात घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळले. “हेडमास्तर, त्या दिवशी तुम्ही तिथं होता. ती असं म्हणाली होती?”

सगळे माझ्याकडे बघत होते. माझं स्तोत्रांचं पुस्तक टेबलावर होतं आणि ते पत्र त्यात होतं. नुसतं पान उलटायचं होतं.

“तिनं तो शब्द वापरला होता,” मी म्हणालो.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी लेखणी उचलली आणि लिहिलं: ‘अर्ज नामंजूर.’

संध्याकाळी इयाकडे गेलो. तिनं माझा चेहरा पाहून ओळखलं, की नाही म्हणाले. तिला फक्त कारण हवं होतं. मी सांगितलं की बाईंच्या पुस्तकात तिच्या तोंडी चुकीचा शब्द पडलाय. इरँचा दुसरा अर्थ. पुढचं सांगायला मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण तीच आधी बोलली.

“टोबोनूनं तमाशा लिहिलं?” ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं मान हलवली. “बिचारी. परक्या भाषेत कान असा फसतो. कान बिचारा काय करणार?”

“इया—”

“तू रागावू नकोस तिच्यावर. तिनं आपल्या चटईवर बसून खाल्लंय. पाय सोलून घेतले तिनं इथं येण्यासाठी. माझं काही अडत नाही, पण उद्या वर गेल्यावर तिला विचारतील ना, त्या बाईच्या तोंडी असं का घातलंस म्हणून. मग ती काय सांगेल? तिथं कोण ओळखतं तिला?” तिनं उशाखालून प्रार्थनेच्या नावांचा कागद काढून माझ्या हातात दिला. “लिही. दर शुक्रवारी तिच्यासाठी क्षमा मागायची. मी गेल्यावर पण. सगळ्यांना सांग.”

मी लिहिलं. टोबोनू. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “एक शब्द घातला नाहीस, एक गाळला नाहीस. तू चांगला लिहायचास, बोसुन. तू गेल्यापासून तसं कुणी लिहीत नाही.”

चार दिवसांनी ती गेली. प्रार्थनाघरापुढे तिला पुरलं. दोन हजार माणसं आली होती. मिशनच्या आवारातला आंबा तिथून दिसतही नाही.

रेव्हरंड निवृत्त झाले त्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो. पालथं पडून नमस्कार केला. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि आपण होऊनच इयाचा विषय काढला. “मास्तर, त्या सभेत मी जागा देणार होतो,” ते म्हणाले. “मला निर्णय टांगायला फक्त एक खुंटी हवी होती. तुम्ही म्हणाला असता की पुस्तकात चूक आहे, तर मी तिथंच सही केली असती. ओगुनलाना चार दिवस फुगून बसले असते, बस. पण तुमची सख्खी मावशी, आणि तुम्हीच म्हणालात की ती तसं म्हणाली. मग मी कोण?” घरी येऊन मी आयुष्यात पहिल्यांदा रडलो, आणि माझ्या बायकोला वाटलं की मला रेव्हरंडांच्या निवृत्तीचं दुःख झालंय.

मिस थॉर्बर्नचं पुन्हा पत्र आलं नाही. त्या वारल्याचं मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

शाळेतून सुटलो आणि मी प्रार्थनाघरात परत गेलो. आता तिथं विटांची मोठी इमारत आहे, लाउडस्पीकर आहे, आणि लागोस-इबादानहून मोटारींनी लोक येतात. मला पहिल्या रांगेत खुर्ची देतात. इयाच्या जवळ वावरलेलं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून मी जरा जपून ठेवायची वस्तू झालोय. मी मोजेसुद्धा काढून बसतो. आणि दर शुक्रवारी, आजाऱ्यांची नावं झाली, पोटुशा बायकांची झाली, की शेवटी ते म्हणतात, “आणि हे प्रभो, इयाचा शब्द जिनं बिघडवला त्या टोबोनूला क्षमा कर.” तीनशे माणसं आमेन म्हणतात. त्यांतल्या कुणाला टोबोनू बाई की बुवा हेही धड माहीत नाही. आमच्या शेजारच्या पोरीला वाटायचं ते सैतानाचं एखादं नाव आहे. कुणी फार वाईट वागला तर पोरं एकमेकांना म्हणतात, “टोबोनूगिरी करू नकोस.” एका सज्जन बाईची ही गत मी केली, आणि इथं परत आल्यापासून दर शुक्रवारी तिच्या नावावर आमेन म्हणत आलो.

यंदा इयाच्या स्मरणदिनी सकाळी आमचा हल्लीचा प्रेषित, तिमोती, माझ्या घरी आला. पन्नाशीचा आहे, गुणी आहे, बोलतो जरा जास्त. म्हणाला, “बाबा, आज नावांची प्रार्थना तुम्ही म्हणा. इयानं स्वतः तुमच्याकडून लिहून घेतलेला कागद, तुमच्याच तोंडून होऊ दे. लोकांना बरं वाटेल.”

मी हो म्हटलं. कपडे करताना माझं ठरलं. तिला सांगायचं राहिलं होतं, तिच्या दारात तरी सांगायचं.

मांडव भरला होता. माझ्या हातात माइक दिला. मी आजाऱ्यांची नावं घेतली, बायकांची घेतली, परदेशी गेलेल्या पोरांची घेतली. मग कागदावरच्या शेवटच्या नावावर आलो आणि कागद खाली ठेवला. आवाज शाळेतला निघाला, स्वच्छ.

“आणि हे प्रभो,” मी म्हणालो, “इयाचा शब्द ज्यानं बिघडवला त्या जोसाया ओलातुबोसुनला क्षमा कर.”

आमेन आलं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागं कुणीतरी खुदकन हसलं. तिमोती लगबगीनं माझ्यापाशी आला आणि कानाशी वाकून म्हणाला, “बाबा, ते तुमचं स्वतःचं नाव.”

“हो. मलाच ते नाव घ्यायचंय.”

“तुमच्या तब्येतीसाठी मी आधीच घेतलंय, सकाळी. ही क्षमेची ओळ आहे. इथं टोबोनू.”

“तिमोती, टोबोनूनं नाही बिघडवला. मी बिघडवला. मी दुभाष्या होतो.”

माइक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं. मी वाट पाहिली. चाळीस वर्षं ज्याला भीत होतो ते आता होईल, कुणी उठेल, कुणी विचारील, असं मला वाटलं. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती शेजारणीला म्हणाली, “बघ कसा जीव आहे म्हाताऱ्याचा इयावर. परक्याचं पापसुद्धा आपल्या डोक्यावर घेतो.” ते रांगेरांगेनं मागं गेलं आणि सगळा मांडव हळहळला. तिमोतीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाला, “मंडळी, याला म्हणतात नम्रता. मिशनची हेडमास्तरकी केलेला माणूस, पण बघा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“आता म्हणा बाबा,” तो हळूच म्हणाला. “लोक थांबलेत. टोबोनू.”

मागून पोरांनी सुरात सुरू केलं, “टो-बो-नू.”

मी म्हणालो. तीनशे माणसांनी आमेन म्हटलं, आणि त्यांच्याबरोबर मीही.